शैत्योपचार आणि अन्ननलिकेचा कर्करोग : एका उपशामक उपायाचा इतिहास

१

वैद्यकविद्येचा इतिहास लिहिताना एखाद्या उपायाचा आरंभ, त्याची उत्तरोत्तर सुधारणा आणि अखेर रोगावर त्याने मिळविलेला जय, असा क्रम लावण्याकडे लेखकांचा कल असतो. ज्या उपायांनी रोग बरा होतो, त्यांच्यापुरता हा क्रम सोयीचा आहे. परंतु ज्या उपायांचा हेतू रोग्याचे उरलेले दिवस सुसह्य करणे एवढाच असतो, त्यांचा इतिहास या चौकटीत नीट बसत नाही. तो बसवू गेल्यास एक तर तो अपयशाचा वृत्तांत वाटू लागतो, किंवा नसलेला विजय त्याच्या माथी मारला जातो.

अन्ननलिकेच्या कर्करोगात तोंडावाटे एंडोस्कोप घालून, त्यातून नेलेल्या बारीक नळीने अतिशीत द्रव्य सोडून अर्बुद गोठविणे, हा अशा उपायांपैकीच एक होय. शैत्योपचाराचा इतिहास सामान्यतः उतरत्या तापमानाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. प्रथम मीठ आणि बर्फ, नंतर घन कर्बद्विप्राणिद वायू, शेवटी उणे १९६ अंश सेल्सियसचा द्रवरूप नायट्रोजन, असा तो क्रम आहे. हे सूत्र खोटे नाही. पण आमच्या मते ते गौण आहे. या उपायाच्या इतिहासातील निर्णायक बदल तापमानात झाला नसून, यश कशाने मोजावयाचे या प्रश्नाच्या उत्तरात झाला आहे. हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे. लेखकाचे क्षेत्र भाषाशास्त्र असल्यामुळे घटनांबरोबर शब्दांचीही साक्ष येथे काढली आहे. ती अस्थानी ठरणार नाही, अशी आशा आहे.

२

अन्ननलिका ही प्रौढ माणसात सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायुमय नळी आहे. ती लवचीक असल्यामुळे आत अर्बुद वाढू लागले तरी बराच काळ अन्न वाट काढीत राहते. घास अडकू लागतो तेव्हा पोकळी बरीच अरुंद झालेली असते, आणि पुष्कळदा रोग शस्त्रक्रियेच्या पलीकडे गेलेला असतो. या रोगाचे मुख्य प्रकार दोन. नलिकेच्या चपट्या अस्तरपेशींपासून होणारा पहिला प्रकार भारतात अधिक आढळतो, आणि तंबाखूशी त्याचा निकटचा संबंध आहे. दुसरा ग्रंथिपेशींचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अमेरिकेत व पश्चिम युरोपातील काही देशांत त्याचे प्रमाण वाढत गेले. जठरातील आम्ल वर येत राहिल्याने नलिकेच्या खालच्या भागाचे अस्तर बदलते, आणि त्या बदललेल्या अस्तरातून हा प्रकार उद्भवतो. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

रोगग्रस्त नलिका काढून टाकण्याची वक्षातील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया फ्रान्झ टोरेक याने १९१३ साली न्यूयॉर्क येथे केली. ती रुग्ण स्त्री त्यानंतर सुमारे तेरा वर्षे जगली, आणि शरीराबाहेरून जठरापर्यंत नेलेल्या रबरी नळीवाटे अन्न घेत राहिली. परंतु शस्त्रक्रियेस योग्य असे रोगी नेहमीच थोडे होते. इतरांच्या बाबतीत वैद्यापुढचा प्रश्न एवढाच होता की, अन्न पोटात कसे जाईल?

या प्रश्नाची उत्तरे रोगमुक्तीच्या प्रयत्नांहून जुनी आहेत. स्ट्रासबुर्ग येथे सेदियो याने १८४९ साली जठरास बाहेरून छिद्र पाडून अन्न देण्याचा प्रयत्न केला, पण रोगी वाचला नाही. लंडनच्या चार्टर्स सायमंड्स याने १८८७ च्या सुमारास अरुंद झालेल्या भागात कायम राहील अशी नळी बसविली. १९२४ मध्ये हेन्री साउटर याने रुपेरी तारेच्या वेटोळ्याची नळी वापरली, आणि १९५९ मध्ये सेलेस्टिन याने प्लॅस्टिकची नळी प्रसृत केली. पुढे १९९० च्या आसपास आपोआप फुलणाऱ्या धातूच्या जाळीदार नळ्या आल्या. त्यांना आज सर्वत्र ‘स्टेंट’ म्हणतात. हा शब्द चार्ल्स स्टेंट नावाच्या एकोणिसाव्या शतकातील लंडनच्या दंतवैद्याच्या आडनावावरून आलेला आहे. दातांचा ठसा घेण्यासाठी त्याने सिद्ध केलेल्या लगद्याला त्याचे नाव पडले, आणि तेथून ते आधार देणाऱ्या वस्तूंकडे सरकत गेले.

आधाराची ही कल्पना आपल्याकडील वैद्यकालाही परकी नाही. आयुर्वेदात व्याधींचे साध्य आणि असाध्य असे दोनच वर्ग केलेले नाहीत. साध्यात सुखसाध्य व कृच्छ्रसाध्य असे पोटभेद आहेत, तर असाध्यात ‘याप्य’ हा एक स्वतंत्र वर्ग आहे. जो बरा होत नाही, पण योग्य उपचार चालू असेपर्यंत रोग्यास जगू देतो, तो याप्य व्याधी. सुश्रुतसंहितेत याला दिलेला दृष्टान्त पडू पाहणाऱ्या घराला लावलेल्या टेकूचा आहे. ‘या’ म्हणजे जाणे या धातूच्या प्रयोजक रूपापासून हा शब्द सिद्ध होतो. मराठीतील ‘कालयापन’ हा शब्दही त्याच कुळातला. कालयापन शब्दाला मराठीत वेळ कसाबसा घालविण्याची छटा आली आहे. याप्य शब्दात मात्र काळ नीटपणे पार पाडून देण्याचा अर्थ आहे. या दोन छटांमधील अंतर हाच एका अर्थी प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

३

थंडीने सूज, वेदना व रक्तस्राव कमी होतो हे ज्ञान प्राचीन आहे. हिपोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांत त्याचा उल्लेख आढळतो. १८०७ साली पूर्व प्रशियातील आयलाउच्या लढाईत, कडाक्याच्या थंडीत गारठलेल्या सैनिकांचे अवयव कापताना त्यांना वेदना कमी होतात, असे नेपोलियनचा शस्त्रवैद्य लारे याच्या ध्यानात आले. परंतु कर्करोगावर शैत्याचा पद्धतशीर प्रयोग करण्याचे श्रेय जेम्स आर्नट (१७९७–१८८३) या ब्रिटिश वैद्याकडे जाते. आर्नट ब्रायटन येथे व्यवसाय करीत असे. बर्फाचा चुरा आणि मीठ यांच्या मिश्रणाने उणे १८ ते उणे २४ अंशांपर्यंत तापमान उतरवून ते तो स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या वाढलेल्या अर्बुदांवर लावीत असे. या उपचाराविषयी त्याने १८५१ मध्ये लिहिले, आणि त्याच वर्षीच्या लंडनच्या महाप्रदर्शनात त्याचे उपकरणही मांडलेले होते.

आर्नटने आपल्या उपायाचे यश कशात पाहिले, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. वेदना शमणे, रक्तस्राव व दुर्गंधियुक्त स्राव थांबणे आणि अर्बुदाचा आकार काहीसा घटणे, या गोष्टी त्याने नोंदविल्या. ज्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करण्याचा काळ उलटून गेला होता, ते त्याचे मुख्य रोगी होते. म्हणजे कर्करोगावरील शैत्योपचार जन्मला तो उपशामक उपाय म्हणूनच. मिठाच्या बर्फाने अर्बुद समूळ नष्ट होण्याइतकी थंडी मिळत नव्हती, हे खरे आहे. परंतु त्या मर्यादेतच त्याने उपायाचे एक माप सिद्ध केले, आणि ते माप रोग्याच्या अनुभवाचे होते.

४

यानंतरच्या शंभर वर्षांत हे माप मागे पडले. त्याचे कारण वैद्यकाबाहेर, पदार्थविज्ञानात घडलेल्या घटनांत सापडते. १८७७ मध्ये काययते व पिक्टे यांनी स्वतंत्रपणे प्राणवायू द्रवरूप करण्यात प्राथमिक यश मिळविले. १८८३ मध्ये क्राको येथे व्रोब्लेव्हस्की व ओल्शेव्हस्की यांनी प्राणवायू आणि नायट्रोजन द्रवरूपात मिळविले. १८९२ मध्ये ड्यूअरने निर्वात भिंतींचे पात्र तयार केले, आणि १८९५ मध्ये लिंडने हवा द्रवरूप करण्याची व्यापारी पद्धत सिद्ध केली. लवकरच, १८९९ मध्ये, न्यूयॉर्कच्या कॅम्बेल व्हाइटने त्वचारोगांवर द्रवरूप हवा वापरली. १९०७ मध्ये शिकागोच्या प्यूसीने कर्बद्विप्राणिदाचा हिमासारखा चुरा वापरला, आणि १९५० मध्ये ॲलिंग्टनने कापसाच्या बोळ्याने द्रवरूप नायट्रोजन लावण्याची रीत प्रसिद्ध केली.

या काळातील उपचार बहुतांशी त्वचेपुरते मर्यादित होते. शरीराच्या आत, इच्छित स्थळी आणि इच्छित मर्यादेत थंडी पोचविण्याचे साधन १९६१ साली अर्व्हिंग कूपर व आर्नल्ड ली यांनी तयार केले. टोकापाशीच गोठविणारी, द्रवरूप नायट्रोजन खेळविणारी ती सळई होती. कूपरने ती प्रथम कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूतील ठरावीक भाग गोठविण्यासाठी वापरली. थोड्याच वर्षांत बफेलो येथे गॉन्डर व त्याच्या सहकाऱ्यांनी पुरःस्थ ग्रंथीवर तिचा प्रयोग केला.

गोठविण्याने पेशी कशा मरतात, याचे ज्ञानही याच सुमारास स्पष्ट होत गेले. वेगाने थंडी लागली म्हणजे पेशीच्या आत बर्फाचे स्फटिक बनतात व पेशीची पटले फाटतात. पुन्हा ऊब येताना पाण्याचा तोल बिघडून अधिक हानी होते. शिवाय सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या अस्तरास इजा होऊन रक्त थिजते, आणि रक्ताभावी उरल्यासुरल्या पेशी पुढील काही दिवसांत मरतात. म्हणून एकदाच फार गोठविण्यापेक्षा गोठविणे व वितळू देणे यांची आवर्तने करणे अधिक परिणामकारक ठरते. ज्या तंतुमय चौकटीवर अवयवाची भिंत उभी असते, ती मात्र थंडीला पुष्कळ अंशी दाद देत नाही. नळीसारख्या अवयवाच्या दृष्टीने ही गोष्ट मोलाची होती.

आर्नटच्या लेखनातील ‘शमणे’, ‘थांबणे’ या क्रियांच्या जागी या काळात ‘नाश’, ‘उच्छेद’ अशा अर्थाच्या संज्ञा आल्या. साधन बलवान झाले, तशी त्याच्याकडून केली जाणारी अपेक्षाही वाढली. यात अनुचित काही नव्हते. मात्र या भाषेत ज्याचा रोग नाश पावण्यासारखा नाही, अशा रोग्याला जागा उरली नाही.

५

अन्ननलिकेत थंडी नेण्यासाठी प्रथम तेथपर्यंत दृष्टी पोचणे आवश्यक होते. १८६८ साली फ्रायबुर्ग येथे कुसमाउल याने तलवार गिळून दाखविणाऱ्या एका कसरतपटूच्या घशात सरळ नळी घालून ही गोष्ट साध्य केली. पण ताठ नळी सामान्य रोग्यास सोसण्यासारखी नव्हती. १९५७ मध्ये अमेरिकेत मिशिगन येथे हिर्शोविट्झ याने काचतंतूंचा लवचीक दर्शक दाखविला, आणि तेव्हापासून या तपासणीचे स्वरूप पालटले. आपल्याकडे या उपकरणाला लोक सर्रास ‘दुर्बीण’ म्हणतात. दूरचे पाहावयाचे साधन, असा फारसी अर्थ असलेला शब्द मराठीने शरीराच्या आत पाहण्यासाठी वळवून घेतला. ‘अंतर्दर्शक’ हा संस्कृत पर्याय कोशात राहिला, आणि दुर्बीण रोग्याच्या तोंडी बसली.

दृष्टी पोचली, तरी थंडी पोचण्यास बराच अवधी लागला. श्वासनलिकेच्या बाबतीत हे काम आधी झाले. हेअरफील्ड येथे उमर मैवंद याने श्वासनलिका व तिच्या शाखा यांतील वाढलेल्या कर्करोगावर केलेल्या शैत्योपचाराचा वृत्तांत १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. तेथे श्वास मोकळा होणे हेच यश मानलेले होते. आर्नटचे माप येथे पुन्हा डोके वर काढते.

अन्ननलिकेची अडचण निराळी होती. ओलसर, सतत हलणाऱ्या नलिकेत शीत सळई भिंतीला चिकटते, आणि लांबट व वेड्यावाकड्या अर्बुदावर ती सर्वत्र सारखी टेकविता येत नाही. यावर स्पर्शाशिवाय फवारा मारण्याची युक्ती अमेरिकन नौदलाच्या बेथेस्डा येथील रुग्णालयातील मार्क जॉन्स्टन व त्याचे सहकारी यांनी पुढे आणली. प्राण्यांवरील त्यांचा प्रयोग १९९९ मध्ये, आणि अस्तर बदललेल्या परंतु कर्करोग नसलेल्या रोग्यांवरील पहिला छोटा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. दुर्बिणीतून गेलेल्या नळीतून नायट्रोजन कमी दाबाने सोडावयाचा, भिंत पांढरी शुभ्र झाल्यावर ठरावीक सेकंद ती तशी राखावयाची, मग पूर्ण वितळू द्यावयाची आणि पुन्हा गोठवावयाची, असा हा विधी आहे. यातील मुख्य धोका थंडीचा नसून वायूचा आहे. द्रवरूप नायट्रोजन वायुरूप होताना सुमारे सातशे पट प्रसरण पावतो. बाहेर पडण्यास वाट मिळाली नाही, तर जठर फुगून फाटू शकते. म्हणून दुसरी नळी घालून वायू सतत ओढून काढावा लागतो.

२००७ मध्ये कॅश आणि जॉन्स्टन इत्यादिकांनी एका रोग्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अस्तरपेशींच्या कर्करोगाने ग्रासलेल्या या रोग्यावरील प्रचलित उपचार संपले होते. लेखाच्या शीर्षकात ‘उपशामक’ हा शब्द आहे. मजकुरात मात्र अर्बुद दिसेनासे झाल्याची नोंद आहे. २०१० मध्ये ग्रीनवॉल्ड व सहकारी यांनी अनेक केंद्रांतील ७९ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे रोगी प्रचलित उपचारांस अयोग्य ठरलेले, ते नाकारलेले किंवा त्यांचा उपयोग न झालेले असे होते. उपचारक्रम पूर्ण केलेल्यांपैकी सुमारे तीन-पंचमांश जणांत नलिकेच्या आतील रोग पूर्णपणे नाहीसा झालेला दिसला. परंतु यांपैकी बहुसंख्यांचा रोग वरवरच्या थरापुरता होता, आणि दहांपैकी नऊहून अधिक रोगी ग्रंथिपेशींच्या प्रकाराचे होते. म्हणून या आकड्याचा आधार घेऊन आपल्याकडील वाढलेल्या, अस्तरपेशींच्या रोगाविषयी अनुमान काढणे शास्त्रशुद्ध होणार नाही. शिवाय या अभ्यासाचे माप अद्याप ‘रोग नाहीसा होणे’ हेच होते.

६

दुसरे माप आणखी एका दिशेने तयार होत होते. १९८२ च्या सुमारास अन्ननलिकेतील अर्बुद लेसर किरणांनी जाळण्याचा उपाय प्रचारात आला. त्याचे फळ सांगण्यासाठी मेलो आणि पिंकस यांनी १९८५ मध्ये गिळण्याच्या त्रासाची एक श्रेणी वापरली, आणि ती पुढे सर्वमान्य झाली. तीत शून्य ते चार अशा पाच पायऱ्या आहेत. शून्य म्हणजे सर्व अन्न गिळता येणे, एक म्हणजे काही घन पदार्थ अडकणे, दोन म्हणजे मऊ अन्नच उतरणे, तीन म्हणजे केवळ पातळ पदार्थ घेता येणे आणि चार म्हणजे काहीही न उतरणे. आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत ही श्रेणी सांगावयाची, तर भाकरी उतरते, भाकरी अडते, मऊ भात जातो, पेजच जाते, आणि शेवटी आवंढाही गिळवत नाही, अशी सांगता येईल.

या श्रेणीचे वैशिष्ट्य असे की, तिच्यातील प्रत्येक पायरी रोग्याच्या सांगण्यावरून ठरते. अर्बुदाची लांबी दुर्बीण सांगते, त्यातील पेशींचा प्रकार सूक्ष्मदर्शक सांगतो. भात जातो की पेज, हे मात्र रोगीच सांगतो. म्हणजे येथे रोग्याचे वाक्य हा पुरावा झाला. भाषेच्या अभ्यासकाला ही घटना लहान वाटू नये.

शैत्योपचाराला हे माप स्पष्टपणे लावणारा अभ्यास काचामी व सहकारी यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या ४९ रोग्यांवर १२० वेळा नायट्रोजनचा फवारा मारण्यात आला, आणि गिळण्याच्या त्रासाची सरासरी २.४ वरून १.७ वर आली. विजयाच्या वृत्तांताची सवय असलेल्या वाचकाला हा फरक क्षुल्लक भासेल, कारण एक संपूर्ण पायरीसुद्धा त्यात नाही. परंतु सरासरीमागे व्यक्ती असतात. पेजेवरून मऊ भातावर आलेला माणूस घरच्यांच्या पंक्तीला बसू शकतो.

तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने येथे उत्साहास आवर घातला पाहिजे. नेदरलँड्समध्ये २०९ रोग्यांची यदृच्छ विभागणी करून धातूची नळी आणि नलिकेच्या आतून दिलेले किरणोपचार यांची तुलना करण्यात आली, आणि तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. नळीने आराम लवकर पडतो, तर किरणोपचाराचा आराम अधिक टिकतो, असे तीत दिसून आले. २०१८ च्या अभ्यासात अशी तुलना नव्हती. नळीचे दोष ज्ञात आहेत. ती दुखते, सरकते, कधी तिच्या जाळीतून अर्बुद पुन्हा आत वाढते. शैत्योपचारात शरीरात काही मागे ठेवावे लागत नाही. पण तो पुनःपुन्हा करावा लागतो, आणि जखम भरताना नलिका आकसण्याचा संभव असतो. सुश्रुताचा दृष्टान्त पुढे न्यावयाचा, तर नळी हा टेकू होय, आणि शैत्योपचार म्हणजे भिंतीवर आलेला भार वरचेवर उतरविणे होय.

७

आता शब्दांकडे वळू. इंग्रजीतील ‘पॅलिएटिव्ह’ हे विशेषण ‘पॅलियम’ म्हणजे अंगावर पांघरावयाचे वस्त्र, या लॅटिन शब्दापासून निघाले आहे. पांघरूण घालणे या क्रियेला दोन अर्थ फुटतात. एक ऊब देण्याचा, दुसरा दोष झाकण्याचा. इंग्रजीत दीर्घकाळ दुसरा अर्थ बलवान होता. अशा उपचाराने रोग केवळ झाकला जातो, असा त्यात आक्षेप असे. लंडन येथे सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये सेंट ख्रिस्तोफर या ‘हॉस्पिस’ची स्थापना केली. त्याच धर्तीवर १९७० नंतरच्या दशकात माँट्रियल येथे बाल्फोर माउंट यांनी रुग्णालयात स्वतंत्र विभाग काढला, तेव्हा फ्रेंचमध्ये ‘हॉस्पिस’ शब्दाला अनाथालयाची हीन छटा असल्यामुळे त्यांनी ‘पॅलिएटिव्ह केअर’ ही संज्ञा योजली. द्विभाषिक नगरातील एका शब्दाच्या अडचणीतून जुन्या शब्दाचा पहिला अर्थ पुन्हा वर आला.

मुंबईत वांद्रे येथे शांती आवेदना सदन १९८६ साली सुरू झाले. ते भारतातील या प्रकारचे पहिले केंद्र होय. मराठीत या सेवेला आज ‘उपशामक’ असे म्हटले जाते. ‘शमन’ शब्दाचे आयुर्वेदातील स्थान पाहता तो योग्यच आहे. परंतु बोलताना अद्याप ‘आता काही करण्यासारखे नाही’ हेच वाक्य त्याच्या जागी येते. हे वाक्य भाषिक दृष्ट्या सदोष आहे, कारण त्यातील ‘काही’ या सर्वनामातून ‘रोग बरा करण्यासारखे’ एवढाच अर्थ अभिप्रेत असतो, आणि ऐकणाऱ्याला मात्र सर्वच निषेध ऐकू येतो. याप्य हा वर्ग ज्या भाषेच्या परंपरेत होता, त्या भाषेत असे वाक्य रूढ व्हावे, हे विचार करण्याजोगे आहे.

सारांश, आर्नटच्या मिठाच्या बर्फापासून नायट्रोजनच्या फवाऱ्यापर्यंतचा मार्ग सरळ चढता नाही. शैत्योपचार उपशामक म्हणून जन्मला, बलवान साधने हाती येताच त्याने नाशाची भाषा स्वीकारली, आणि दीडशेहून अधिक वर्षांनी अन्ननलिकेत तो पुन्हा आपल्या मूळ प्रश्नाशी येऊन पोचला. मधल्या काळात साधन सुधारले, पेशींचे ज्ञान वाढले आणि मापही काटेकोर झाले. म्हणून हे परतणे निष्फळ नव्हे. मराठीतून वैद्यकाचा इतिहास लिहू इच्छिणाऱ्या अभ्यासकाने आपल्या प्रदेशातील रुग्णांच्या नोंदी आणि त्यांतील गिळण्याच्या तक्रारीचे मूळ शब्द गोळा केल्यास, आकड्यांच्या अभ्यासाला पूरक अशी सामग्री हाती येईल. ‘घास उतरत नाही’ आणि ‘घास अडतो’ या दोन वाक्यांत एका पायरीचे अंतर आहे की नाही, हा प्रश्न वैद्याइतकाच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.